दोन फुटांसाठी सातासमुद्रापार?

आज जरा चिडून लिहितोय, आधीच सांगून ठेवतो. चिडलोय ते एका कोटेशनवर, माझ्याच धंद्यावर आणि थोडासा स्वतःवरसुद्धा.

तर झालं असं. माझ्या काकांचं मुलुंडला डीटीपीचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि भिंतीवर जुन्या पत्रिकांचे नमुने. लग्नाच्या, मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, बिल-बुकं... पंचवीस वर्षं हेच चाललंय.

पहिला कॉम्प्युटर आहे पेंटियम फोर. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि श्रीलिपी, मागे लॉक खोचलेलं. हसू नका. काकांची सगळी पुंजी त्यात आहे. ज्या सोसायटीचा अहवाल ते १८ वर्षं करतायत, तिचे १८ अहवाल त्यात आहेत. ही कामं जुन्या फाँटमधली आहेत. युनिकोडमध्ये न्यायला गेलं की रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, आणि मग ६४ पानं परत वाचत बसा. दुसरा कॉम्प्युटर त्या मानाने तरुण, २०११ सालचा आय-थ्री. त्यावर इंटरनेट. गिऱ्हाइकाचा मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर येतो तो इथे, आणि तयार पीडीएफ प्रेसला जाते तीही इथूनच.

दोन टेबलांमधलं अंतर मी मोजलं. दोन फूट. हे दोन फूट फाइल कशी पार करायची? पेन ड्राइव्हवर बसून. कोणी उचलून नेऊ नये म्हणून काकांनी त्याला लाल नाडा बांधून टेबलाच्या पायाला अडकवला होता. (खरंच!)

मागच्या गणपतीच्या आधी या पेन ड्राइव्हने घात केला. एका मंडळाची स्मरणिका होती. एक्सपीवर एक प्रत, आय-थ्रीवर एक, पेन ड्राइव्हवर तिसरी. रात्री साडेअकराला घाईघाईत जुनी प्रत नव्या प्रतीवर बसली आणि तीच प्रेसला गेली. मुख्य जाहिरातदाराची जाहिरात मागच्या वर्षीची छापली गेली. मंडळाचे लोक ओळखीचे म्हणून आरडाओरडा झाला नाही, पण आतला फॉर्म काकांना पदरचे पैसे घालून पुन्हा छापून द्यावा लागला.

मग काकांनी कोणाच्या तरी ओळखीने एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो मुलगा आला, एक्सपीकडे बघून हसला आणि दोन दिवसांनी कोटेशन पाठवलं. दोन्ही कॉम्प्युटर नवे, सॉफ्टवेअर नवं, क्लाउड स्टोरेजचं दर वर्षाचं भाडं, शिवाय मायग्रेशन चार्जेस. एकूण एक लाख अडतीस हजार. वर भाडं कायमचं. काका म्हणाले, "अरे, हल्ली निम्मी लग्नं व्हॉट्सॲपवरच्या पत्रिकेवर होतात. एवढे पैसे हा गाळा मला परत कधी मिळवून देणार? त्यापेक्षा बंदच करतो आता."

आणि त्यावर मी, म्हणजे इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला, आयटी कंपनीत नोकरी करणारा पुतण्या, काय म्हणालो असेन?

"काका, ड्राइव्हवर टाका ना सगळं."

"कुठल्या ड्राइव्हवर? डी ड्राइव्हवर?"

मी मोठ्या उत्साहाने क्लाउड समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण अरे, एक्सपीवर इंटरनेट नाही. म्हणजे तुझ्या त्या ड्राइव्हवर फाइल टाकायची तर आधी मी ती पेन ड्राइव्हवरच घेणार ना?"

गप्प बसलो. साठी उलटलेल्या माणसाने एका प्रश्नात माझं आर्किटेक्चर झोपवलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. दोन फुटांवरच्या टेबलावर फाइल द्यायला ती आधी कुठल्या तरी परक्या डेटा सेंटरमध्ये पाठवायची आणि तिथून परत खाली उतरवायची, यात आपल्याला काहीच विचित्र वाटेनासं झालंय. शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर द्यायची तर आपण ती कुरियर करतो का? पण कॉम्प्युटरच्या बाबतीत नेमकं तेच करतो, वर त्याचं महिन्याला भाडं भरतो आणि त्याला 'आधुनिक' म्हणतो. आणि असं न करणाऱ्या माणसाला आपण जुनाट ठरवतो, इतकं की तो दुकान बंद करायच्या गोष्टी करायला लागतो. माझा राग यावर आहे.

दोन कॉम्प्युटर जोडणं म्हणजे काय मोठं रॉकेट सायन्स आहे? सेम फाइव्हला नेटवर्किंगच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी केबल क्रिंप केलीये. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... जर्नलमध्ये रंगीत पेन्सिलींनी काढलंय. सरळ केबलला दोन्ही टोकांना एकच क्रम. क्रॉस केबलला एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल, म्हणजे याचं बोलणं त्याच्या कानात आणि त्याचं याच्या कानात. व्हायव्हाला ओएसआयचे सात लेअर धडाधड म्हणून दाखवले, सही घेतली आणि विसरून गेलो. पुढे नोकरीत सगळं कोणाच्या तरी क्लाउडवर. सात लेअर पाठ असलेल्या माणसाला दोन डबे जोडायचं सुचलं नाही, ही गोष्ट मला जास्त लागलीये.

खरं तर याच घरात हे झालं होतं. मी दुसरी-तिसरीत असेन. काकांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, सुट्टीत मित्राचा कॉम्प्युटर रिक्षात घालून घरी आणायचा. मॉनिटर मांडीवर! मग दोन डबे क्रॉस केबलने जोडून रात्रभर गेम, आणि जाताना गाण्यांची देवाणघेवाण. त्या काळी अंधेरी-बोरिवलीपासून इकडे घाटकोपर-मुलुंडपर्यंत केबलवाल्यांनी गच्च्यांवरून लॅनच्या वायरी ओढून घरोघर इंटरनेट दिलं होतं. पावसाळ्यात वीज कडाडली की गच्चीवरचे स्विच जळायचे आणि मग केबलवाल्याच्या घरी फोनवर फोन. इंटरनेट रडतखडत चालायचं, पण वायर तीच असल्यामुळे बिल्डिंगमधल्या बिल्डिंगमध्ये सिनेमा सुसाट जायचा. तेव्हाच्या कॉलेजच्या पोरांना 'जवळचं' आणि 'लांबचं' नेटवर्क यातला फरक हाताने माहीत होता.

आणखी मागे जाऊ. आपल्या देशातल्या नेटवर्किंगची सुरुवातच मुळी या उपनगरांतली आहे. १९८६ साली अर्नेट हा सरकारी प्रकल्प सुरू झाला, आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था वगैरे आठ संस्थांचा. त्यातला पहिला दुवा १९८६-८७ मध्ये कुठे जोडला गेला माहितीये? जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी यांच्यामध्ये! साध्या टेलिफोन लाइनवर, मोडेमने, मेलची ये-जा करण्यासाठी. व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आधी उपनगरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलले, जगाशी बोलणं आपल्या वाट्याला नंतर आलं. आज आपण ते पार उलटं केलंय. जगाशी बोलणं सोपं आणि शेजाऱ्याशी बोलायचं तर जगाला वळसा.

असो. त्या शनिवारी मी काय केलं ते सांगतो, कारण नुसतं चिडून उपयोग नाही.

माळ्यावर दादाची क्रॉस केबल सापडली, पण दोन्ही टोकांचे खटके तुटलेले, हात लागला की निसटायची. म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून दोन मीटरची तयार केबल आणली. १२० रुपये. (दुकानदाराने विचारलंच, "वायफाय नाही का तुमच्याकडे?") आता क्रॉस केबलची गरजही नव्हती. गिगाबिटवाली कार्डं सरळ-उलट स्वतःच ओळखून घेतात आणि आय-थ्रीमध्ये तसं कार्ड होतं. दोघांपैकी एक जरी शहाणा असला तरी भागतं.

मग आय-थ्रीकडे वळलो. त्यावर विंडोज टेन होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज इलेव्हन त्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. कोटेशनवाल्या मुलाने भीती घातली ती याच्यावरच. मी त्यावर लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, चार जीबी रॅममध्ये व्यवस्थित चालतं आणि सिक्युरिटी अपडेट येत राहतात. काकांना त्यावर काय लागतं? ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब, पीडीएफ बघणं, प्रिंट काढणं. संध्याकाळपर्यंत त्यांचा हात बसला.

दोघांना नंबर दिले. एक १९२.१६८.५.१, दुसरा १९२.१६८.५.२, मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची जागा रिकामी ठेवली, मुद्दाम. त्याचं कारण पुढे येतंय. लिनक्सवरून एक्सपीला पिंग केलं तर उत्तर नाही. अर्धा तास केबल उपटून-खोचून बघितली, दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. मग एक्सपीवरून उलटं पिंग केलं तर धडाधड उत्तरं! एक्सपीचा फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाही, हे डोक्यातून पार गेलं होतं. काकू तेवढ्यात चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चालतंय ना? मग तोंड का असं?"

फाइलींसाठी विंडोजचं नेहमीचं शेअरिंग टाळलं. एक्सपीला त्या प्रोटोकॉलची पहिली आवृत्तीच कळते, आणि ती आता बंद ठेवलेलीच बरी. त्याऐवजी लिनक्सवर एफटीपी सर्व्हर टाकला. एक्सपीच्या साध्या खिडकीत पत्ता टाकला की फोल्डर उघडतो, कुठलंही सॉफ्टवेअर न टाकता. या एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ चा. लिहिला कोणी? अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट, मुलुंडच्या गाळ्यात पहिल्या फटक्यात चालली.

फोल्डर दोनच: 'आलेलं' आणि 'गेलेलं'. गिऱ्हाइकाचा माल आलेलंमध्ये, तयार पीडीएफ गेलेलंमध्ये. मूळ काम फक्त एक्सपीवर राहील, असा नियम. १०० मेगाबिटची जुनी लाइन, म्हणजे सेकंदाला साधारण ११ एमबी. सीडीभर मजकूर मिनिटभरात पलीकडे. इंटरनेट असो वा नसो. काकांनी लाल नाडा सोडला, घडी घालून खणात ठेवला. एकूण खर्च १२० रुपये आणि दोन वडापाव.

आता तुमच्यातले माझ्यासारखेच लोक ओरडणार, "एक्सपी? सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला! सिक्युरिटीचं काय?" हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर जो धुमाकूळ घातला तो याच जुन्या शेअरिंगच्या भोकातून. त्यानंतर दीड महिन्यात नॉटपेट्या आला आणि इथे आपल्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल ठप्प झालं. एक्सपीला आज इंटरनेटवर सोडणं म्हणजे पोराला हायवेवर खेळायला सोडणं. म्हणूनच गेटवे रिकामा ठेवला. एक्सपीला बाहेरचा रस्ताच माहीत नाही, आणि लिनक्सचा डबा त्याला तो दाखवत नाही. धोका शून्य झाला का? नाही. गिऱ्हाइकाच्या एखाद्या घाणेरड्या फाइलमधून काहीतरी येऊ शकतंच. पण आधी काय होतं? गावभर फिरून आलेले गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह थेट एक्सपीच्या पोटात जात होते! व्हायरससाठी याहून चांगली बस सर्व्हिस कुठली? आता ते लिनक्सला लागतात आणि हवी तेवढी एकच फाइल पलीकडे जाते. जुनी वस्तू फेकून देणं हा सुरक्षेचा एक उपाय आहे. तिला नीट कुंपण घालणं हा दुसरा. कोटेशनमध्ये पहिलाच असतो, कारण कुंपणाचं बिल १२० रुपयेच होतं.

दुसरा आक्षेप: "पेंटियम फोर वीज खातो, कधी ना कधी मरणारच." मान्य. त्याचा पॉवर सप्लाय उद्या सकाळी जाऊ शकतो. तेव्हा मी रोज संध्याकाळी कामांचा अख्खा फोल्डर लिनक्सवर ओढायची सवय लावून दिलीये, आणि शनिवारी तोच एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क काकू पर्समधून घरी नेतात. हे नीट ऐका: फाइल शेअर करणं म्हणजे बॅकअप नव्हे. दोन्ही डबे एकाच गाळ्यात, एकाच पावसात आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस बघितलेल्या माणसाला तळमजल्यावरच्या दोन कॉपींचा भरवसा देऊ नये.

आणि क्लाउडशी माझं वैर नाही हो! दादा आता टोरांटोला आहे. त्याच्या मुलीचे फोटो बघायला क्लाउडच हवा, तिथे काय केबल टाकणार? घराबाहेर एक प्रत हवी असेल, दहा जणांनी दहा गावांतून एकच फाइल बघायची असेल, तर खुशाल वापरा. पैसेही द्या. माझं भांडण आहे ते दोन फुटांसाठी भाडं घेण्याशी. एकदा फाइल तिकडे राहायला गेली की ती भाडेकरू होते आणि तुम्ही कायमचे भाडं भरणारे. काकांनी गाळ्याचं भाडं आयुष्यभर भरलंय, स्वतःच्याच १८ अहवालांचंही भरायचं?

आता राहिला आपला धंदा. त्या कोटेशनवाल्या पोराला मी खलनायक ठरवणार नाही. त्याला विक्रीचं टार्गेट आहे. पण तो जे बोलला तेच मीही फुकटात बोललो होतो, मला कुठलं टार्गेट होतं? आम्हाला शिकवलंच गेलंय की जुनं दिसलं की 'लेगसी' म्हणायचं, नाक मुरडायचं आणि मायग्रेशनचा प्लॅन काढायचा. समोरचा माणस रोज काय करतो, फाइल कुठून कुठे जाते, हे विचारायच्या आधीच उत्तर तयार. काकांच्या कॉम्प्युटरला काहीही झालेलं नव्हतं. त्यांना एक वायर कमी होती. एवढं निदान करायला एक कप चहा होईपर्यंत बसून बघावं लागतं, आणि नेमकं तेच करायला आम्हाला वेळ नाही.

हे फक्त काकांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीचं ऑफिस, घाटकोपरच्या टॅक्स कन्सल्टंटची खोली, अंधेरीच्या मिडसीतलं छोटं वर्कशॉप जिथे एका जुन्या मशीनला एक जुना कॉम्प्युटर जोडलेला आहे... आत डोकावून बघा. एक नवा डबा, एक जुना डबा, आणि मध्ये पेन ड्राइव्ह घेऊन येरझारा घालणारा माणूस. तिथे एक दिवस असंच कोटेशन येतं. ज्याला परवडतं तो भरतो आणि चालणारा कॉम्प्युटर कुर्ला-साकीनाक्याच्या भंगारात जातो. ज्याला परवडत नाही तो म्हणतो, "बंदच करतो आता." दोन्ही वेळा कोणीतरी विनाकारण हरतं.

तेव्हा आयटीवाल्या मित्रांनो, एक शनिवार काढा. तुमच्याही नात्यात एखादे काका, मामा, शेजारचे आजोबा असतीलच. जाऊन बसा, ते काम कसं करतात ते बघा आणि नवीन काही सुचवायच्या आधी मागच्या बाजूला वाकून लॅनचं भोक रिकामं आहे का ते तपासा. बहुतेक असेलच. वर्षानुवर्षं तिथे धूळ सोडून काही गेलेलं नसतं.

काकांचा परवा फोन आला होता. एका मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ होतं, बोलता बोलता म्हणाले, "गेलेलंमध्ये टाकलंय, बघ." मी म्हटलं, "काका, ते तुमच्या गाळ्यातच दिसतं, मला इथून नाही दिसणार."

"मग ये की इकडे," काका म्हणाले. "काकू थालीपीठ करतेय."

गेलो. असो, भेटू पुढच्या शनिवारी!